गणपतीतला फोन

पाणी ओसरल्यावर आमच्या आळीत माणसं एकमेकांना पहिली गोष्ट काय विचारायची, तर "तुमच्याकडे किती आलं?" कसे आहात नाही, कोण गेलं नाही. किती आलं. मग कुणी म्हणायचं मीटरबोर्डाला लागलं, कुणी म्हणायचं देव्हारा बुडाला, आणि ज्याच्या घरात नुसतं गुडघाभर आलं होतं तो बिचारा मान खाली घालून सटकायचा. मी ताठ मानेनं सांगायची, पंख्याच्या पात्यांपर्यंत. आमच्यापेक्षा वर फक्त एका घरात गेलं होतं, आणि त्या घरच्या बाईशी मी दोन दिवस धड बोलले नाही. अशी मी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना मला उगाच चांगली समजून बसू नका.

मी मूळची मुरबाडकडची. लग्न होऊन शहापुरात आले, नदीच्या बाजूच्या खालच्या आळीत, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. घरात दोन भावांच्या दोन बायका, मी थोरली आणि ती धाकटी. चूल एक. माझ्या मुली लग्न होऊन गेल्या, धाकटीला मूल झालंच नाही. आमचे हे कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसतात, आणि भावजींची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, आळीच्या तोंडाशी पिठाची गिरण होती. अंगावर कायम पांढरी भुकटी. हाक मारली की आधी टाळी वाजवून हात झाडायचे, मग ओ द्यायचे.

त्या दुपारी पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या शाळेकडे निघालो. भावजी अर्ध्या वाटेतून मागे फिरले. "मोटर तेवडी टेबलाव चढवून येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरणीचं दार फोडलं तर मोटर टेबलावर होती. खाली विटा लावून, वर प्लास्टिक बांधून, अगदी नीट. भावजी नव्हते. मागची भिंत पडली होती आणि तिथून थेट नदी दिसत होती.

मग सुरू झालं ते निस्तरणं. पेपरात छापून येतं, शहर पूर्वपदावर. कसलं पूर्वपद! चिखल म्हणजे साधा चिखल नव्हे, त्यात गॅरेजचं ऑइल, कोंबड्यांच्या दुकानातली पिसं, संडासाच्या टाक्या, सगळं एक झालेलं. फावड्यानं काढावा तर दुसऱ्या दिवशी भिंतीतून पुन्हा पाझरायचा. फ्रिज, गाद्या, कपाटं रस्त्यावर उताणी पडलेली. दोऱ्या बांधून लोकांनी लग्नाचे फोटो वाळत घातले होते आणि फोटोतल्या नवरानवरींची तोंडं वितळून एक झाली होती. गिरणीतलं पीठ आणि लोकांचं दळायला आलेलं धान्य असं कुजलं की आळीत शिरताना नाकाला पदर लावावा लागायचा. मदतीचे टेम्पो यायचे. जुन्या कपड्यांचे ढीग टाकून, आमच्याबरोबर फोटो काढून जायचे. एकदा ढिगात लग्नातली जरीची शेरवानी निघाली. शेजारचा चपलांचा दुकानवाला ती घालूनच गाळ उपसत होता, आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. माणूस वाहून गेलेल्या घराच्या ओट्यावर उभी राहून मीसुद्धा हसले.

यांच्या पायात चिखलातला पत्रा घुसला आणि पाय सुजून भोपळा झाला. ते खाटेवर. मग घरात काम करायला कोण? मी. कारण धाकटी रोज सकाळी हातात काठी घेऊन नदीच्या कडेनं निघायची. खालच्या वाड्यांपर्यंत जायची, झुडपांत अडकलेल्या चिंध्या काठीनं उचलून बघायची, मासे धरणाऱ्या कातकरी बायांना विचारायची, आणि दिवस कलल्यावर गुडघ्यापर्यंत माखून परत यायची. रडायची नाही. जेवायला बसली की म्हणायची, "आज अमुक ठिकाणापर्यंत बगितला. उद्या त्याच्या फुडं जाते." आणि मला तिचा राग यायचा. खरं सांगते, दया नाही, राग. मी इथे घासतेय, फिनेल ओततेय, यांच्या पायाचा पू काढतेय, आणि ही बाई फिरायला जाते! तोंडावर बोलले नाही, पण भांडी आपटायची.

असं होता होता श्रावण आला, आणि गणपतीची बोलणी निघाली.

आता हे जरा समजून घ्या. भावकीत कुणी गेलं की दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही. पण आमचा माणूस गेलाय की नाही हेच ठरलेलं नाही. गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. भावकीची सात घरं, आणि ऐन गणपतीत प्रेत मिळालं तर सातही घरांचे गणपती अडकले. म्हणून भावकीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "दर्भाचा पुतला करायचा, भडाग्नी द्यायचा, धा दिवस पालायचे. गनपतीच्या आदी सगला मोकला." तारखा बोटांवर मोजून आले होते.

धाकटी आतून बाहेर आली. मोठ्या माणसांसमोर कधी उभी न राहणारी बाई. "ते गेले नाय," म्हणाली. "मला दावा. दावा, मग काय जालायचा ते जाला."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. बाईला समजवायचं काम बाईचं.

मी समजवलं. कसं समजवलं ते सांगते. आधी गोड बोलले. मग म्हणाले, तुझ्या एकटीपायी सात घरं ताटकळत ठेवतेस का. मग म्हणाले, मूल नाही बाळ नाही, कुणासाठी एवढा हट्ट. हे शेवटचं बोलले तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे तोंड फिरवलं. पण थांबले नाही.

पुतळा जाळला त्या दिवशी गल्लीतली एक विधवा म्हातारी आली, धाकटीच्या बांगड्या उतरवायला. आजकाल हे कुठे कुठे बंद केलंय म्हणतात. आमच्याकडे मोबाइलवर वाचतात आणि घरात तेच करतात. धाकटीनं मुठी आवळून हात पोटाशी धरले. म्हातारीच्या बोटांत जोर नव्हता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "धर गो हिला." आणि मी धरलं. दोन्ही मनगटं. तिची हाडं माझ्या हातात कुडकुड करत होती. काचा उडाल्या त्यातली एक माझ्या अंगठ्यात गेली, आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

दहावं झालं, तेरावं झालं. धाकटी चौदाव्या दिवशी काठी घेऊन नदीवर गेली.

आजोबा म्हणाले होते, यंदा सण गोड करायचा नाही, दीड दिवसाचा आणा आणि पोचवा. आळीत बहुतेकांनी तेच केलं, काहींनी तर आणलाच नाही. मी म्हटलं, पाच दिवसांचा. दरवर्षी पाच, यंदाही पाच. आळीतल्या बायका नाक मुरडत होत्या, मुरडोत. मला पाच दिवस पाहिजे होते. घर सारवल्यासारखं स्वच्छ, समई, उदबत्ती, चार माणसं येऊन जाऊन, आणि त्या कुजक्या पिठाचा वास नाही. इथल्या कारखान्यातल्या मूर्ती पुरात विरघळल्या होत्या, म्हणून मी मुरबाडला माहेरी गेले आणि जीपमध्ये मूर्ती मांडीवर घेऊन आले. खड्डा आला की मूर्ती वर उचलायची, स्वतः आदळायची. घरी आले तेव्हा मांड्या हिरव्यानिळ्या झाल्या होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

दुसरा दिवस ऋषीपंचमीचा. मी स्वयंपाकघरात ऋषीची भाजी चिरत बसले होते. अळूनं हात खाजत होते. धाकटी परसदारी मक्याची कणसं सोलत होती. यांचा मोबाइल पाण्यात गेलेला, धाकटीचाही गेलेला, त्यामुळे पोलिसांकडच्या कागदावर माझा नंबर होता. तो वाजला.

खालच्या अंगाचं, खाडीकडचं कुठलं तरी ठाणं. माणूस बरा बोलत होता.

"बाई, शहापूरची मिसिंग तुमचीच ना? आमच्याकडे एक बॉडी लागलीय किनाऱ्याला. पुरुष. लई दिवसांची हाय, चेहऱ्याचं काय राहिलं नाय. कमरेला करदोडा हाय, त्याला किल्ली हाय एक."

"कसली किल्ली?" मी विचारलं.

"पितळी. डोक्याला तांब्याची तार गुंडाळलेली."

गिरणीच्या कुलपाची किल्ली. जळलेल्या मोटरमधली तार भावजींनी माझ्यासमोर ओट्यावर बसून गुंडाळली होती, बोटाला रुतते म्हणून. बाहेरच्या खोलीत समई जळत होती. दुर्वा, जास्वंदी, पाच फळं. मुरबाडहून माझा भाऊ, वहिनी दुपारी जेवायला यायचे होते.

आमच्याकडे सुतक कानावर आल्यावर लागतं. माणूस कधीही गेलेला असो, तुम्ही ऐकलंत की ते तुमचं. न ऐकलेल्याला काही नाही. म्हणून तर लग्नघरात, गणपतीत लोक वाईट बातमी दाबून ठेवतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी ऐकलं होतं, पण एकटीनं. मी ऐकलं नाही असं ठरवलं की संपलं. नाहीतर देव तसाच उचलायचा, कुणा परक्याच्या हातानं बुडवायचा, आणि पुन्हा ओट्यावर ते म्हातारे आजोबा, पुन्हा दहा दिवस, पुन्हा ते सुतकी तोंड करून बसणं.

"आमचा माणूस नाही तो," मी म्हटलं. "आमच्या माणसाचं कार्य झालंय."

"बघून तरी जा बाई. आमाला जास्त ठेवता येत नाय."

"सांगितलं ना, नाही आमचा." आणि फोन ठेवला. अळूचं उरलेलं पान चिरलं. परसदारातून धाकटीनं विचारलं, "कोनाचा व्हता, वयनी?" मी म्हटलं, "कंपनीवाल्यांचा. रिचार्ज करा म्हणतात."

पुढे पितृपक्षात मी भटजींना आडून आडून विचारलं. म्हटलं, एखाद्याचा पुतळा जाळल्यावर प्रेत मिळालं, तर सुतक किती? ते घाईत होते, सायकलवर एक पाय ठेवून म्हणाले, "मोठं सुतक तेव्हाच फिटलं की. आता काय, अग्नी द्यायचा आणि डोक्यावरून आंघोळ करायची." दुसरा भटजी दुसरं सांगेल, माहीत आहे मला. पण मी ज्याला विचारलं त्यानं हे सांगितलं. एक आंघोळ.

ते चार दिवस मी आरती सगळ्यांत मोठ्यानं म्हटली. गौरी आणल्या, भाकरी-भाजीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घावन. भाऊ-वहिनी पोटभर जेवून गेली. रात्री झोप यायची, हेही सांगते, छान यायची. धाकटी त्या दिवसांतही नदीवर जायची, फक्त लवकर परत यायची. एकदा दारात पाय धुता धुता म्हणाली, "पानी लय खाली गेलाय वयनी. आता काय ते कलंल." मी म्हटलं, "आधी जेव." तिला ताट वाढलं आणि तूप जास्त घातलं.

पाचव्या दिवशी गणपती पोचवले. त्याच नदीत, दुसरं पाणी कुठे आहे? सहाव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी मोबाइल हातात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "फोन आला होता पोलिसांचा. जाऊन यायला पाहिजे." आत्ता आला असं म्हटलं नाही, कधी आला तेही म्हटलं नाही. यांचा पाय टेकत नव्हता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. आधी जीप, मग एसटी. वाटभर धाकटी हातातली पिशवी उघडून बघत होती. भावजींचा धुतलेला सदरा, नवी लुंगी, आणि का कुणास ठाऊक, डबा. जिवंत माणसाला की मेलेल्याला, तिलाच ठरवता आलं नव्हतं.

ठाण्यातला हवालदार वयस्क होता. आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. रजिस्टर उघडून म्हणाला, "उशीर केलात. परवा पुरला, बेवारस म्हणून. आमी फोन केला व्हता. बाई बोलल्या, आमचा माणूस नाय."

"कदी केलावता फोन?" धाकटीनं विचारलं.

त्यानं बोट फिरवत तारीख वाचली. मग स्वतःच म्हणाला, "म्हंजे ऋषीपंचमीला."

धाकटी माझ्याकडे वळली नाही. गुडघ्यावर पिशवी धरून सरळ समोर बघत बसली. तू कणसं सोलत होतीस तेव्हाच आला तो, असं मी मनात म्हटलं, जसं काही तिला ते सांगायला पाहिजे होतं.

हवालदारानं कपाटातून एक पाकीट काढलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. तार हिरवी पडली होती. "ही ओळखता का? बॉडीचा नुमुना काढून ठेवलाय. ओळख पटली तर म्होरची तपासनी करता येल, वर काडून तुमच्या ताब्यात द्यायचं बघता येल. नाय म्हनालात तर कागद बंद."

धाकटीनं किल्ली उचलली नाही. खूप वेळ बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "वयनींना इचारा. घरात थोरल्या त्याच हायेत."

बस, एवढंच. माझ्या हातात होतं ते. एक शब्द, आणि भावजींना नाव मिळालं असतं, राख मिळाली असती, तिला काठी घेऊन फिरायचं थांबवता आलं असतं. पण मग हवालदार विचारणार, फोनवर तुम्हीच होतात ना बाई? मग नाही का म्हणालात? मग घरी हे विचारणार. मग आळी. ज्या आळीला मी ताठ मानेनं पाच दिवसांचा गणपती दाखवला ती आळी. हवालदार वाट बघत होता. पंखा गरगरत होता.

"नाही," मी म्हटलं. "आमची नाही."

"नाय," धाकटीही म्हणाली, माझ्या पाठोपाठ, शांतपणे. "वयनी नाय म्हंतात तर नाय." आणि जिथं अंगठा लावायचा तिथं लावला. मी सही केली. मला येते.

परतीच्या एसटीत तिनं डबा उघडला आणि एकटीनं खाल्ला. मला विचारलं नाही.

संध्याकाळी मी जेवायला वाढायला घेतलं. यांचं ताट खाटेपाशी दिलं. आमची दोघींची मांडली, तर तिनं फडताळातून आणखी एक ताट काढून तिच्या शेजारी ठेवलं. "त्यांचा वाडा," म्हणाली.

"अगो, असं काय करतेस," मी म्हटलं.

"काय करते? पोलिसांना तुमीच सांगितलात ना, तो आमचा मानूस नाय. दोनदा सांगितलात. मंग आमचा अजून यायचाय."

त्या दिवसापासून रोज वाढते मी. दोन भाकऱ्या, भाजी, कांदा. आळी आता पुन्हा उभी राहिलीय, भिंतींना नवा रंग लागलाय, गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ताट दिसतं. बायका हळूच म्हणतात, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि तुम्ही किती मनानं करता हो तिचं. तिचं डोकं आळीत सगळ्यांत ठिकाणावर आहे हे मला एकटीला माहीत आहे.

जेवताना ती घाई करत नाही. भाकरी वाळते, भाजी गार होऊन थिजते, तरी मला थांबावं लागतं. तिचं झालं की ती हात धुते आणि ते ताट माझ्यापुढे सरकवते. "आज पन नाय आले," म्हणते. "टाकायचा कशाला? तुमी खावा."

आणि मी खाते.